दरवाजावरची स्टेपनी

माझा धाकटा भाऊ सैन्यात ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेतली आणि वाईच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आमच्या वाडीवर राहू लागला. वाडीपर्यंत एसटी जात नाही. शेवटचा चढ नुसता दगडांचा. बाळंतपणाची बाई खाली न्यायची, म्हाताऱ्यांना दवाखान्यात पोचवायचं, खताची पोती वर आणायची, सगळं त्याच्या जीपवर. त्या चढासाठी त्याने चारी टायर मोठे बसवले. पाचवा, म्हणजे स्टेपनी, मागच्या दरवाजावर नेहमीच्या जागी बसेना. तो आत बाकांच्या मध्ये आडवा पडून असे.

“अक्का, टायर आत असला की दोन माणसं कमी बसत्यात,” तो फोनवर म्हणाला. “आजारी माणसाचं पाय टायरवर ठिवून न्यावं लागतंय. तुमच्या सांगलीत कुणी हाय का बसवणारा?”

अशी कामं मला आवडतात. आमच्या घरात ऑपरेशन असो की लग्न, यादी माझ्याकडे असते. मी टायरची उंची-रुंदी विचारून घेतली, मार्केट यार्डामागच्या एका मिस्त्रीला फोटो पाठवले, शनिवार ठरवला, त्याच्या जेवणाचं बघितलं, आणि माझ्या गाडीच्या हॉर्नचं कामही त्याच फेरीत उरकायचं म्हणून लिहून ठेवलं.

मिस्त्रीने टायर दरवाजाला टेकवून पाहिला. “खाली बंपरला घासतोय. दोन वाटा हायत, मेजर.” आमच्याकडे निवृत्त जवानाला हुद्दा न विचारता मेजरच म्हणतात. “एक, बंपरवर वेगळा आर्म करायचा, टायर त्याच्यावर. त्याला दोन दिवस गाडी सोडावी लागंल. नाहीतर हेच दरवाजावरचं ब्रॅकेट वर घेऊन वेल्डिंग मारतो, बिजागऱ्यांना पट्टी देतो, आजच मोकळं. पण मग मागची काच सगळी झाकणार. आतल्या आरशात टायरच दिसंल.”

“वर घ्या,” भाऊ म्हणाला.

मला वाटलं, त्याने नीट ऐकलं नाही. मला गाडी शिकवली ती यानेच. तिन्ही आरसे पुसून, लावून झाल्याशिवाय तो मला किल्ली फिरवू देत नसे. मी म्हटलं, “अरे, दोन दिवस राहा की घरी. मागचं काही दिसणार नाही तुला.”

“मागं बघून काय करायचंय? जायाचंय पुढं.”

“बघा अक्का,” मिस्त्री हसला, “फौजी माणूस. माघार न्हाई.”

दुपारपर्यंत ब्रॅकेट वर गेलं. बिजागऱ्यांखाली जाड पट्ट्या आल्या, टायर खडखडू नये म्हणून रबरी गुटके लागले. मग दोघांनी टायर उचलला. चाकाची भोकं आणि ब्रॅकेटचे बोल्ट जुळवताना भाऊ मान वर करून, भलतीकडेच बघत, बोटांनी चाचपत होता. भोकं जुळली. नटही त्याने तसेच, न बघता लावले.

“आवं मेजर, डोळं मिटून बसवताय काय!”

“बर्फात, अंधारात बसवल्यात गड्या. तुझ्यासारखा दिवा लावून न्हाई.”

सगळे हसले. मीही हसले. दरवाजा दोनतीनदा उघडून लावून पाहिला. जड झाला होता, पण लोंबत नव्हता. काम छान झालं होतं. मागची दोन्ही बाकं रिकामी झाली होती, भाऊ त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाला, “आता माणूस आडवा झोपवून न्हेता येईल.”

जीप मागे घ्यायची होती. फाटकाशी कुणाची तरी मोटरसायकल लावलेली होती. मी उजव्या बाजूला, त्याच्या आरशात सरळ दिसेन अशी उभी राहिले आणि हात केला, थांब. जीप येत राहिली. मी दोन्ही हात वर केले. जीप सावकाश येत राहिली, मोटरसायकलला टेकली आणि मोटरसायकल आडवी झाली.

“आवं मेजर! अक्का हात करत्यात की कवापासनं!”

तो उतरला. मी त्याच्यापासून चार हातांवर होते. त्याने मान पूर्ण वळवली, मला शोधलं आणि मग म्हणाला, “अक्का, तू कुठं हुतीस?”

“तुझ्या आरशात.”

मिस्त्रीने मोटरसायकल उभी केली, काही मोडलं नाही म्हणाला. आम्ही समोरच्या टपरीवर चहाला गेलो. तिथे बाकावर बसल्यावर त्याने सांगितलं. काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावा नळीतून बघितल्यासारखा. मिरजेला दाखवून आला होता, एकदा नव्हे, दोनदा. जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब टाकून सांभाळा आणि गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“मिरजेला गेलास, सांगलीवरून गेलास, आणि घरी आला नाहीस?”

“आलो असतो तर तू यादी काढली असतीस.”

“काढलीच असती!”

“मग? पयलीच ओळ असती, गाडी बंद.”

खरं होतं. मी घाईघाईने डोळे पुसले, मग वाटलं, याला तेही दिसलं नसेल.

“मग ही स्टेपनी कशाला बसवलीस?”

“वाडीवर दुसरी गाडी न्हाई, अक्का. तो चढ मला पाठ हाय. सगळा पाठ हाय.”

“रस्ता पाठ आहे रे. रस्त्यात आलेलं पोर कसं पाठ असेल?”

त्याने ग्लास ठेवला. रस्त्यावरून शाळा सुटलेल्या मुली सायकली हाकत चालल्या होत्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत, किंवा त्यांचा आवाज थांबेपर्यंत म्हणू, तो तिकडे तोंड करून बसला. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. “तू चालव. वाडीवर न्हेऊन लाव. पोरांतल्या कुणाला तरी शिकवीन.”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आतला आरसा काळ्या रबराने भरलेला, मी बाजूच्या आरशांवर भागवलं. कराड, सातारा मागे पडलं. गिअर बदलताना माझा हात चुकला की फक्त “क्लच” म्हणायचा. वाईच्या पुढे डांबर संपलं आणि तो चढ समोर आला. मी गाडी थांबवली. “मला नाही जमणार.”

“जमतंय,” म्हणत तो उतरला आणि जीपच्या पुढे चालू लागला. “फोर-व्हील टाक. पहिल्यातच ठेव. हितं डावीकडं मोठा दगड हाय, उजवं चाक कडंला घे. अजून. हां. आता पाणी गेलेली घळ येईल.” एकदाही खाली न बघता तो एकेक दगड सांगत होता, आणि जीप त्याच्या मागून बैलासारखी चढत होती. त्याची पाठ ताठ होती.

वाडीतली माणसं जीपचा आवाज ऐकून नेहमीसारखी बाहेर आली होती. तो पुढे पायी आणि जीपमध्ये मी. ओट्यावर बसलेली एक म्हातारी काठी टेकत उठली.

“का रं बाबा, चालत? गाडी बिघडली व्हय?”

तो आवाजाच्या दिशेने वळला. तिचा चेहरा सापडायला त्याला जरा वेळ लागला. म्हातारी तोवर त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनेच पुढे येऊन त्याचा हात धरला.

“न्हाई मावशे,” तो म्हणाला. “गाडी चांगली हाय.”