एका पायावरचा आलाप

कुंग-फूच्या सिनेमात मारामारीआधी बासरी वाजते. दोन योद्धे एकमेकांकडे बघत उभे, मागे बांबूचं बन, आणि ती झणझणती बासरी. आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती रोज ऐकू येते, कारण लेक बारावीच्या अभ्यासाऐवजी तेच सिनेमे बघते. नवराही बासरी वाजवतो, पण त्याची कोणी ऐकत नाही. ऑफिसातला सगळा वैताग तो संध्याकाळी यमनवर काढतो.

लेकीच्या कुंग-फू क्लासचा कार्यक्रम ठरला तेव्हा हा म्हणाला, "रेकॉर्डिंग कशाला? मी वाजवतो की!"

"बाबा, प्लीज यार. तुझं ऐकून हीरो झोपून जाईल."

त्याचा चेहरा पडला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. लहानपणी हीच पोरगी त्याच्या बासरीशिवाय जेवत नसे. तिनं पुन्हा एकदा आपलं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

गडी इरेला पेटला. चिनी बासरीला एक जादा भोक असतं, त्यावर पातळ पापुद्रा चिकटवतात आणि त्यानं ती झणझण येते, हे त्यानं शोधून काढलं. मग कॉलेजपासून जपलेल्या बासरीला, जिला तो मला हातही लावू देत नाही, तापल्या सळईनं भोक पाडलं. पापुद्र्यासाठी लसूण सोलला, लग्नानंतर पहिल्यांदाच. आवाज मात्र खरंच तसा आला. लेकीनं मान तिरकी करून ऐकलं. "चलो, ठीक आहे. अर्धा मिनिट वाजव, मग मी सुरू करते."

अर्धा मिनिट! यमन घोटलेल्या माणसाला अर्धं मिनिट कळतं का? स्टेजवर लेक एका पायावर उभी राहिली, यानं डोळे मिटले आणि आलाप सुरू केला. सावकाश, एकेक सूर कुरवाळत. एक मिनिट झालं, दोन झाली. तिचे सर पडद्याआडून "शुरू करो, बेटा" म्हणत होते. तिचा पाय थरथरायला लागला. मी खुर्चीत घामाघूम. ती हलली नाही. आलाप संपवून यानं डोळे उघडले, तेव्हा कुठे तिनं पाय टेकला आणि पहिली लाथ मारली.

परतताना ऑटोत मी तिला म्हटलं, "अगं, सर सांगत होते तेव्हाच सुरू करायचं ना!"

ती पोटरी चोळत होती. म्हणाली, "बाबा वाजवत होता ना."