बैठकमास्तरांचा चहा

खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या भरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून लोक त्यांना बैठकमास्तर म्हणत. त्यांचा एक नेम होता. तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीत स्वतः बसून ते सावकाश एक कप चहा घ्यायचे. चहा संपेपर्यंत कुठे टोचलं नाही, पाठ अवघडली नाही, तरच खुर्ची दुकानाबाहेर पडायची. तीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता. आणि नेमकी अशा माणसाला मूळव्याध झाली. नशीबही कधीकधी अगदी जागा बघून चिमटा काढतं.

दोन वर्षं त्यांनी हे अवघड जागेचं दुखणं कुणाला कळू दिलं नाही. रक्त दिसलं तेव्हा बायकोनेच हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ऑपरेशन झालं. शेजाऱ्यांना मास्तर सांगत, "कंबरेचं होतं."

"कंबरच ती, जरा खाली घसरलेली," बायको आतून म्हणायची.

घरी आल्यावर पहिल्यांदा पोट साफ होण्याच्या धास्तीने मास्तरांनी जेवणच तोडलं. बायको भडकली. "न जेवता आणखी घट्ट होईल, मग बसा बोंबलत. पाणी प्या, भाजी संपवा, औषध घ्या. आणि आत गेल्यावर जोर लावायचा नाही." तिसऱ्या दिवशी ते देवाचं नाव घेऊन आत गेले. ती दाराबाहेर उभी राहिली.

"झालं?"

"झालं. वाचलो."

दोघंही पोट धरून हसले.

दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसल्यावर ठणका कमी होऊ लागला, आणि कारागिराची खोड वर आली. मास्तरांनी स्वतःसाठी मधे भोक असलेली गोल गादी शिवली, आणि दोन दिवस तिच्यावर ठाण मांडून बसले. सूज पुन्हा वाढली.

डॉक्टरीणबाईंनी गादी उलटसुलट करून पाहिली. "शिवण सुरेख आहे. पण भोकामुळे दुखरी जागा नुसती लोंबकळत राहते. वर तुम्ही दिवसभर बसलात. आता चाला, आडवे व्हा. दोन आठवडे जेवण्यापुरतंच बसायचं."

मास्तरांचं तोंड उतरलं. शनिवारी शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होणार होत्या. मास्तरांच्या दोन्ही मुलींना बाईंनीच शिकवलं होतं. शिक्षकांनी बाईंसाठी सांगितलेली वाचायची खुर्ची ऑपरेशनआधीच भरून झाली होती, फक्त चहा राहिला होता. घराच्या पुढच्याच खोलीत दुकान. शुक्रवारी सकाळी मास्तर त्या खुर्चीभोवती नुसते घिरट्या घालत होते.

"न बसता द्यायची म्हणजे डोळे मिटून द्यायची. बाईंना मी तोंड कसं दाखवू? एकच कप चहा, अगं."

"एक घोटही नाही. सरका, मी बसते," बायको म्हणाली, आणि कप घेऊन खुर्चीत बसली.

मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. अर्धा कप झाल्यावर ती म्हणाली, "मऊ आहे. पण पाय टेकत नाहीत, आणि पुढची कड मांडीला काचते. पाठ टेकायला गेले की आणखीच लोंबकळते."

मास्तरांनी खाली पाहिलं. तिच्या चपला जमिनीपासून चार बोटं वर होत्या. मुख्याध्यापिका उंचीला अगदी तिच्याएवढ्याच. मास्तर स्वतः सहा फुटी, आणि तीस वर्षं प्रत्येक खुर्ची त्यांच्याच पायांच्या मापाने पास झालेली. घरातल्यासुद्धा. बायको कायम स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावरच बसायची. तिला तेच आवडतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बस म्हणालात?"

मास्तरांना फार लाज वाटली. उभ्याउभ्याच त्यांनी खुर्चीचे पाय कापले, बैठक आखूड केली, कड गोल केली. संध्याकाळी ती पुन्हा बसली, पूर्ण कप प्यायली आणि म्हणाली, "आता द्या."

शनिवारी बाई त्या खुर्चीत बसल्या त्या निरोपाची भाषणं संपेपर्यंत उठल्याच नाहीत.

दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी बसायची मोकळीक दिली. मास्तरांनी पहिली खुर्ची भरली ती बुटकी, मापाला स्वयंपाकघरातलं ते स्टूल घेऊन. चहाचे दोन कप आणले आणि बायकोला म्हणाले, "बस."

ती बसली. पाय जमिनीला टेकले. मास्तरांनी आपला चहा उभ्यानेच घेतला.