एवारिस्तोचा उतावळा हात

त्या प्रयोगाला एवारिस्तो गांबारीनी पिऊन तर्र होता, असं आमच्या फोंतेबासा गावात अजून सांगतात. साबणवाल्यांच्या गल्लीत तर काही जण बाटल्यांचा आकडाही देतात, आणि देणारे बहुधा तेवढ्या रिचवूनच बसलेले असतात. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी त्याच्या पोटात कॅमोमाइलचा काढा आणि अर्धी नासपती होती. उरलेली अर्धी त्याच्या बायकोने, नेरीनाने खाल्ली, आणि तिला काही चढली नाही. प्यायला असता तर बरं झालं असतं. दारू सकाळी उतरते.

एवारिस्तो मोठ्या शहरात संगीत शिकला, ऑर्केस्ट्रा चालवायला शिकला, पदक घेऊन परत आला. गावाने त्याला लगेच ‘मायेस्त्रो’, म्हणजे उस्ताद, म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे हे संबोधन फार उदार आहे, बरं मोजमाप घेणाऱ्या शिंप्यालाही मिळतं. ऑपेरागृहाने मात्र त्याला मदतनीस म्हणून ठेवलं. गायकांकडून पाठ करून घ्यायचं, आणि प्रयोगाला पडद्यामागे उभं राहायचं.

पडद्यामागेही वाजवणारे असतात. ऑपेरात सैनिक दुरून बँड वाजवत जातात, मठातली प्रार्थना कानावर येते, ते सगळं रंगवलेल्या कापडामागे चालतं. मुख्य मायेस्त्रो रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, दिव्याच्या उजेडात उभा. मागच्यांना तो दिसत नाही. म्हणून कापडाला पाडलेल्या भोकाला एक डोळा लावून एवारिस्तो त्याचा हात बघायचा, आणि आपल्या हाताने मागच्यांना चालवायचा. पण यात एक मेख आहे. मागचा आवाज लोकांपर्यंत पोचायला वेळ लागतो. पुढच्या हाताबरोबर हात हलवला की झालं वाटोळं. तो हलायच्या केसभर आधी आपला हलला पाहिजे.

एवारिस्तो केसभर आधी हलायचा. पंचवीस वर्षं त्याचे सैनिक कधी उशिरा आले नाहीत. लोकर उसवलेल्या स्वेटरात, धुळीत, दोरखंडांच्या मधे उभा राहून तो हे करायचा, आणि टाळ्या पडल्या की त्या कापडाच्या पलीकडून ऐकायचा, भिंतीपलीकडच्या लग्नासारख्या.

लग्नाचा विषय निघालाच आहे. नेरीनाचा बाप शिंपी होता. त्याने जावयाला शेपटीचा काळा कोट शिवून दिला होता, खड्ड्यात उभं राहण्याचा दिवस येईल तेव्हा घालायला. दर वर्षी नाताळ संपून हंगाम सुरू झाला की नेरीना तो बाहेर काढायची, खिडकीत वारा द्यायची, पुन्हा चादरीत गुंडाळायची. दोनदा तिने पोटाशी शिवण सैल केली. गल्लीतल्या बायका विचारायच्या, मायेस्त्रोंचा कोट फुगतोय की काय. नेरीना म्हणायची, थंडीने.

मग एका जानेवारीत शहरातून आलेले पाहुणे मायेस्त्रो ऑपेरागृहाच्या पायरीवर बर्फावरून घसरले आणि त्यांचा हात मोडला. दुपारी व्यवस्थापक झांबेल्ली स्वतः धापा टाकत जिना चढून आले. आज तुम्हीच उभे राहा, म्हणाले. एवारिस्तो खुर्चीतच बसून राहिला. तेव्हा नेरीना म्हणाली, “तू नाही म्हणालास तर कोट घालून मी जाईन.”

बातमी गल्लीभर व्हायला किती वेळ लागतो. न्हावी प्रीमोने त्याला खुर्चीत बसवून श्वास रोखून दाढी केली, मायेस्त्रोच्या हनुवटीवर आज ओरखडा नको म्हणून. आणि मग सगळी गल्ली ऑपेरागृहाच्या सर्वांत वरच्या गॅलरीत जाऊन बसली. तिथल्या लोकांना प्रत्येक सूर पाठ असतो, आणि बिनसलेला सूर तर आधीपासून पाठ असतो.

सुरुवात सुरेख झाली. नेरीना खालच्या रांगेत, मांडीवर हात दाबून बसलेली. पहिल्या गाण्याच्या मध्यावर तिच्या लक्षात आलं की आपला पाय आपोआप जरा भराभर ठेका धरतोय. एवारिस्तोच्या ते तिच्याही आधी लक्षात आलं होतं. कानावर जे पडतंय त्याच्या केसभर पुढे हात जात होता. ऑर्केस्ट्रा बिचारा आज्ञाधारक, हातापर्यंत पोचायचा. पोचला की हात पुन्हा केसभर पुढे. सावलीवर पाय द्यायला निघालेल्या पोरासारखं. तो मनाशी म्हणायचा, हळू. हाताला ते ऐकूच येत नव्हतं. त्या हाताला पंचवीस वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं की कधीतरी मधलं कापड नसेल.

नायकाचा विरहही घोड्यावर बसला. गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरली नाही, तो लाल झाला, मग जांभळा. मागे एवारिस्तोच्या जागी एक ट्रॉम्बोनवाला उभा केला होता. तो दिसेल त्याबरोबर हात हलवत होता, त्यामुळे सैनिक उशिरा आले, पुढचे तोवर दुसऱ्या गावी पोचलेले. तेवढ्यात वरून प्रीमोचा आवाज आला:

“एवारिस्तो, लेका, शेवटची बस गाठायची आहे का?”

सगळं ऑपेरागृह हसलं. खड्ड्यातले व्हायोलिनवालेही हसले. प्रीमोने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं; तसं तो कधीच काही म्हणत नसे, आणि म्हणूनच त्याचं लागायचं. एवारिस्तोने वळून पाहिलं नाही. हात तेवढा आणखी पुढे गेला. नायिका इतक्या लवकर मेली की समोरच्या खानावळीत पास्ता शिजवायचं पाणी अजून उकळलं नव्हतं, आणि लोक दारात उभे राहून धुक्यात पाय आपटत राहिले.

नेरीना त्याला मागच्या दाराने घेऊन आली. घरी आल्यावर तिने कोट काढून घेतला तेव्हा त्याचा उजवा हात बाहीतून निघेना, मूठ घट्ट मिटलेली होती.

झांबेल्ली भला माणूस. जाऊ द्या, म्हणाले, तुमची जागा पडद्यामागे आहेच. एवारिस्तो पुन्हा भोकाला डोळा लावून उभा राहिला. पण आता हात भ्यायला होता. पुढे जायची वेळ आली की थबकायचा. सैनिक येईनात, साधू प्रार्थना सुरू करेनात. जी एक गोष्ट त्याच्याइतकी कोणाला येत नव्हती तीही गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. हंगाम संपल्यावर झांबेल्लींनी निरोपसमारंभ केला, चांगली भाषणं झाली, आणि मागे तो ट्रॉम्बोनवाला कायमचा उभा राहिला.

तेव्हापासून त्या घरात रेडिओ लागत नाही. लागला तर एवारिस्तोची बोटं टेबलावर धावत सुटतात. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाला की तो दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसतो. पोरं त्याची नक्कल करतात, आयाही फारशा रागावत नाहीत. एके काळी गायकांच्या चुका तालमीत ओरडून सांगणारा माणूस आता दुकानात पाव मागतानाही दोनदा विचार करतो. नेरीना एकदा शेजारणीला म्हणाली, मेला असता तर रडून मोकळी झाले असते, हा तर रोज सकाळी उठतो.

दाढी मात्र तो प्रीमोकडेच करायचा. दोघांनी त्या बसचा विषय कधी काढला नाही. प्रीमो फक्त वस्तरा फार सावकाश चालवायचा, इतका की मागची गिऱ्हाइकं वैतागून जायची.

गेल्या नोव्हेंबरात प्रीमो गेला. त्याची बायको आर्जिया दुपारी काळी शाल घेऊन जिना चढून आली. प्रीमोचं पोट सगळ्यांना माहीत. पुरताना त्याच्या अंगात घालायला बसेल असा काळा कोट घरात नव्हता. तिने घाबरतच मायेस्त्रोंच्या कोटाबद्दल विचारलं. नेरीनाने नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला, स्वतः कपाट उघडलं, चादर सोडली आणि कोट आर्जियाच्या हातावर ठेवला. नेरीना स्वयंपाकघरात निघून गेली.

आर्जिया दारापाशी थांबली. उद्या गावाचा बँड प्रेतयात्रेत वाजवणार, म्हणाली, पण त्यांचा मास्तर तापाने पडलाय. मायेस्त्रो, तुम्ही पुढे चाललात तर? प्रीमोला आवडलं असतं. त्या रात्रीचं बोलणं त्याच्या मनात फार होतं हो, कधी बोलला नाही एवढंच.

एवारिस्तोने उजवा हात खिशात घातला.

“नको, आर्जिया. माझ्या हाताखाली तो पळत सुटेल. सावकाश जाऊ दे त्याला, त्याला आता कुठली बस गाठायची नाही.”