सत्तावीस नंबरचा कडुनिंब

पाकिस्तानशी लढाई चालू होती आणि आमच्या कॉलनीतले सगळे बाप फॅक्टरीत बारा-बारा तास राबत होते. सुट्ट्या रद्द. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, त्यामुळे भर दिवसाही घरात अंधार. जबलपूरच्या त्या सरकारी क्वार्टरात मी मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसले होते. घरी बसणं म्हणजे काय, ते बसलेल्यालाच कळतं बाप्पा.

तशात टेलिफोन ऑफिसचं पत्र आलं. मुलाखत, सकाळी दहाला. बाबांनी पत्र तीनदा वाचलं आणि जा म्हणाले. आईनं अट घातली की ही नोकरी मिळाली नाही तर छिंदवाड्याच्या स्थळाला होकार द्यायचा. छिंदवाड्याचं स्थळ म्हणजे एक किराणा दुकान, दोन पोरं आणि वारलेली पहिली बायको. मी अट कबूल केली. नोकरी मिळणारच अशी माझी गुर्मी होती. कांचघरच्या बाजारातून नव्या चपला आणल्या आणि पांढरी साडी इस्त्री करून ठेवली.

आदल्या दिवशी बाबा रात्रपाळीला गेले आणि तासाभरात वादळ आलं. आमच्या रांगेतल्या सगळ्या छपरांवरचे कवेलू उडाले. मग कडकडून आवाज झाला, घर हादरलं आणि दारातला कडुनिंब आमच्या ओसरीवर आडवा झाला. पुढचं दार बोटभरही उघडेना. खिडक्यांना गज. मागच्या अंगणाची भिंत डोक्याहून उंच आणि वर काचा लावलेल्या. आई आणि मी आत कोंडल्या गेलो.

अंगणाच्या कोपऱ्यात संडास होता, डब्याचा. त्याच्या शेजारी मागच्या गल्लीत उघडणारं कमरेएवढं दार होतं. रोज सकाळी जमादारीण त्यातून वाकून यायची आणि डबा साफ करून जायची. त्या दारातून घरातलं कोणी कधी गेलं नव्हतं. आम्ही त्याला दार म्हणतच नव्हतो.

सकाळी सारी कॉलनी बाहेर आली. बाया न फुटलेले कवेलू वेचून ढीग लावून राहिल्या होत्या, बाप्ये छपरांवर ताडपत्री बांधून राहिले होते. बाबा पाळीवरून आले ते झाडाच्या पलीकडेच थांबले, हातात रिकामा डबा. मी काळ्या कागदाचा कोपरा फाडून पाहत होते. तेवढ्यात बाजूच्या क्वार्टरातले भैया कुऱ्हाड घेऊन आले.

या भैयांची आणि आमची दोन वर्षांपासून बोलचाल बंद. त्यांनी होळीला याच कडुनिंबाची एक फांदी तोडली होती आणि बाबांनी ऑफिसात लेखी तक्रार केली होती. कॉलनीतल्या प्रत्येक झाडावर चुन्यानं नंबर घातलेला असे, आमच्या झाडाचा सत्तावीस. सरकारी झाड! भैयांना साहेबासमोर उभं राहून माफी लिहून द्यावी लागली होती. आता ते कुऱ्हाडीवर हात टेकून गोड हसले.

"काट तो दूं, बाबूजी. पर नंबर लगा है. आप कह दो तो अभी काट दूं."

बाबांनी नुसतं हो म्हणायचं होतं. मी गजांना तोंड लावून ओरडले, "बाबा, हो म्हणा न! दहाला मुलाखत आहे माझी."

बाबा त्या नंबराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लढाईचे दिवस आहेत पोरी. साहेबाची चिठ्ठी आणतो, आत्ता येतो." आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. ऑफिस दहाला उघडतं हे त्यांना माहीत होतं. मला इतका संताप आला की मी कपाळ गजावर आपटलं.

तरी साडी नेसले. नऊ वाजता जमादारीण आली. बारा वर्षं ती आमच्याकडे येत होती आणि पदराआडचा तिचा चेहरा मी कधी धड पाहिला नव्हता. माझं रडणं ऐकून तिनं काय झालं ते विचारलं, आईनं सांगितलं. तिनं आपली बादली लांब नेऊन ठेवली. उंबऱ्यावर दोन घागरी पाणी ओतलं, खराट्यानं घासून काढलं आणि दार धरून बाजूला झाली.

"इधर से निकल जाओ, बिटिया. मैं दूर खड़ी हूं."

आईनं मला अडवलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. आईनं अडवलं नव्हतं. पाह्य बाई, तुझं तू ठरव, एवढंच ती म्हणाली. मी निऱ्या मुठीत धरून दाराशी उभी राहिले. वाकायचं, गल्लीतली चार पावलं टाकायची की रस्ता. मला किळस आली, खरं सांगते. त्या दारातून निघताना कोणी पाहिलं तर, या विचारानं अंग चोरलं. बाबा चिठ्ठी आणतीलच, असं म्हणून मी आत येऊन बसले. घड्याळात दहा वाजले. मग अकरा.

बाबा दुपारी रिकाम्या हातानं आले. अर्ज तीन प्रतींत लागतो म्हणे. घरात शिरता येईना, तेव्हा भैयांनीच आपल्या ओसरीवर त्यांना बाज टाकून दिली. चिठ्ठी सहाव्या दिवशी आली आणि झाड भैयांनीच तोडलं. माघात माझं छिंदवाड्याला लग्न झालं. बाबा जिवंत होते तोवर मी त्यांना त्या झाडावरून टोचत राहिले. ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

पण झाड पडल्याच्या तिसऱ्या दिवशी घरातलं रॉकेल संपलं होतं. चूल ओली, स्टोव्ह थंड. आईनं माझ्या हातात रॉकेलचा डबा दिला. मी वाकले आणि त्या दारातून बाहेर पडले. चार पावलं, की रस्ता. काही झालं नाही. जमादारीण गल्लीत झाडत होती. मला पाहून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, मला वाट मिळावी म्हणून.

रॉकेलच्या रांगेत मला रडू आवरेना. पुढची मराठी बाई वळून म्हणाली, "काहून रडून राहिली गं?"

मी म्हटलं, "दारात झाड पडलं."