तिसऱ्या अंकाचं कुलूप

लिहायला बसलो, याची आधी माफी मागतो. बारावीनंतर पोलिसात भरती झालो आणि आयुष्यभर पंचनामेच लिहिले. निवृत्तीनंतर आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. मॅडम म्हणाल्या, नोकरीतलं एखादं प्रकरण लिहा. खुनाचं लिहावं, असं वाटलं होतं. पण मनात राहिली ती हीच घटना, आणि आजही आठवली की हसू येतं.

तेव्हा माझ्याकडे दवनीवाड्याकडचा बीट होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक होतं. मंडईच्या सकाळीच एका गावच्या नाटक मंडळाचे दोघे कर्ते ठाण्यात आले. एक वरच्या टोल्याचा, म्हणजे वाडीचा, एक खालच्या टोल्याचा. तक्रार एकच : दुसऱ्याने तिसरा अंक दाबून ठेवलाय.

झालं होतं असं. अंक चोरीला जाऊ नये म्हणून लेखकाने तो मंडळाच्या लॅपटॉपवर पासवर्ड लावून ठेवला होता. उघडलं तर नुसती अक्षरांची खिचडी दिसायची. पासवर्ड टाकला तरच मजकूर वाचता येणार. कोणी एकट्याने विकू नये म्हणून अर्धा पासवर्ड एकाला आणि अर्धा दुसऱ्याला सांगितला होता. लेखक सालेकशाकडे जंगलातल्या गावी गेलेला, फोन लागत नव्हता. आमच्याकडे नट विंगेतून संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभे राहतात. त्याच्या हाती अंक नसेल, तर साऱ्या पंचक्रोशीसमोर नाटक अर्ध्यात बंद.

त्यातच आमच्याकडच्या गोरेगावच्या बाजारातून खबर आली, की दुसऱ्या मंडळाचा मॅनेजर 'तो अंक माझ्याकडेच येणार' म्हणून सांगत फिरतोय. मी दोघांना वेगवेगळं बसवलं.

"तुझा अर्धा भाग काऊन देत नाही?" मी वरच्या टोल्याच्या कर्त्याला विचारलं.

"देतो ना जी. पण माहा भाग पहिला हाय. लेखकानंच सांगतलं. तो म्हणते, माहा पहिला. मंग मी कायले मांगं राहू?"

खालच्या टोल्याचा कर्ता म्हणाला, "लेखक बोलला, तुहा पहिला. त्याले पहिलं टाकू देलं, तर टोल्यात तोंड कसं दाखवू साहेब?"

दोघांचे जबाब शब्दाला शब्द जुळले, तेव्हा उलगडा झाला. दोघांनाही 'तुझाच भाग पहिला' सांगून लेखकाने दोघांचाही मान ठेवला होता. चोर कोणीच नव्हता. मॅनेजरची ती नुसती फुशारकी होती.

आमचे ठाणे अंमलदार म्हणाले, "ही खिचडी अन् पासवर्ड, सारं एखाद्या साइटवर टाकून पाहू." मी नको म्हटलं. पासवर्ड परक्याच्या हाती गेला, की तो आपला राहत नाही, एवढं प्रशिक्षणात शिकलो होतो. पासवर्ड टाकून कुलूप उघडायचं लेखकाचं वेबपान त्यांनी आणलेल्या लॅपटॉपवरच उतरवलेलं होतं. ते ब्राउझरमध्ये उघडलं आणि नेट बंद केलं. आता जे उघडेल ते त्या मशीनमध्येच.

आधी कोणी काही टाकलंय का ते दिसू नये म्हणून पासवर्डच्या चौकटीवर माझी टोपी टेकवली. वरच्याला आत बोलावलं.

"मीच पहिला ना जी?"

"टाक मुकाट्यानं."

त्याला बाहेर पाठवून खालच्याला आणलं. त्यानेही तेच विचारलं, मीही तेच उत्तर दिलं. 'चुकीचा पासवर्ड' आलं. दोघांना पुन्हा एकेक करून बोलावलं. या वेळी वरच्याने टाकल्यावर कर्सर गुपचूप अगदी सुरुवातीला नेला, म्हणजे खालच्याचा भाग आधी लागला. मजकूर उघडला. मंडळाचा प्रॉम्प्टर बाहेर थांबलाच होता. त्याने पहिली ओळ वाचली आणि तिथेच बाकावर बसून अंक वहीत उतरवायला लागला. ब्राउझरने पासवर्ड जतन करू का विचारलं, मी नाही म्हटलं. कोणाचा भाग पहिला निघाला, ते दोघांनाही सांगितलं नाही.

माणूस माहिती लपवतो, तेव्हा आम्ही आधी लोभ शोधतो. पुष्कळदा तिथे मानच असतो. तो शाबूत राहिला, की माणूस आपणहून बोलतो. निदान मला तरी या प्रकरणाने हे शिकवलं.

रात्री मला दुसऱ्या गावच्या बंदोबस्तावर जावं लागलं, नाटक पाहता आलं नाही. सकाळी प्रॉम्प्टरचा फोन आला.

"तिसरा अंक झाला जी, साहेब. एकबी माणूस उठला नाही. आता दोघंबी चौकात बसून सांगून राहिले, का कुलूप माह्याच शब्दानं उघडलं."