बहिणीची एकदाणी

माझी मोठी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी नऊ वर्षांची होती. तेरवी झाल्यावर आई तिला धनजहून माझ्या माहेरी, रिसोडला घेऊन आली. निघताना मुलीच्या बापाने बहिणीचे सगळे दागिने रुमालात बांधून आईच्या ओटीत घातले. "पोरगी मोठी झाली का तिले देजा," एवढंच तो बोलला. आईने ते दागिने स्टीलच्या डब्यात ठेवले, डबा लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली. पुढे पंधरा वर्षं तो डबा कोणी उघडला नाही.

गेल्या वर्षी भाचीचं लग्न जुळलं आणि डबा उघडावा लागला. आतलं सोनं सोन्यासारखं दिसत नव्हतं. पाटल्यांच्या नक्षीत काळा मळ घट्ट बसला होता, पैंजणं शिसवी रंगाची झाली होती. सोनाराने दागिने अर्ध्या तासात उजळून दिले असते, पण आई ऐकेना.

"माह्या नजरेआड एक मनी बी जानार नाही," ती म्हणाली. "जे कराचं ते घरात करा."

भाची वाशीमला दातांच्या एका डॉक्टरकडे मदतनीस आहे. तिथे बारीकसारीक अवजारं धुवायला एक यंत्र असतं. त्यात पाणी भरून बटन दाबलं की पाणी आतल्या आत थरथरतं आणि जिथे ब्रश पोचत नाही तिथला मळ सुटतो. दागिन्यांसाठी तसलंच लहान यंत्र मिळतं, हे तिला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी ती ते घेऊन आली. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडं मोठं, वर झाकण, आत जाळीची टोपली.

माझं सासर गावातच, म्हणून मीही आले होते. आईच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ आम्ही तिघी बसलो. भाचीने एकेक दागिना उजेडात धरून पाहिला. बहिणीची लाल खड्याची अंगठी तिने कानाशी नेऊन बोटाने टिचकावली.

"खडा हालून राह्यला. हे नाही टाकाची. थरथरीनं निंघून येईन."

मोत्यांचे कानातले तिने बाजूला काढले. मोती, पोवळं, चिकटवलेले खडे यात कधीच टाकायचे नाहीत, ते ओल्या फडक्याने पुसायचे, असं ती म्हणाली. शेवटी तिने एकदाणी हातात घेतली. एकाच दोऱ्यात ओवलेले टपोरे सोन्याचे मणी. तीही तिने बाजूला ठेवली.

"हे तं बिलकूल नाही. मनी पोकळ हायेत, आतमंदी लाख भरली हाय, ते पान्यानं सुटते."

मग तिने कोमट पाणी ओतलं, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले, पाटल्या टोपलीत एकमेकींना लागणार नाहीत अशा ठेवल्या आणि तीन मिनिटांसाठी बटन दाबलं. डास गुणगुणावा तसा आवाज झाला. पाटल्यांच्या नक्षीतून धुरासारखं काहीतरी निघालं आणि हळूहळू सगळं पाणी गढूळ झालं. त्यात थोडा पिवळा रंगही होता.

आई वाकून बघत होती. "हे काय हाय वं?"

"मळ हाय आजी. साबन, घाम, हळद."

भाचीने यंत्राची पिन काढली, पाटल्या गाळणीत धरून स्वच्छ पाण्याने धुतल्या आणि मऊ फडक्यावर ठेवल्या. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी होत्या तशा त्या दिसत होत्या. गढूळ पाणी ती मोरीत ओतायला उठली तेव्हा आईने तिचा हात धरला. "मोरीत नोको." मग ते पाणी आईने स्वतः नेऊन अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

दुपारी भाची ब्लाऊजचं माप द्यायला बाजारात गेली. आई आडवी झाली. ओट्यावर धुतलेले दागिने लखलखत होते आणि त्यांच्या शेजारी ती एकदाणी, मळकी.

त्या एकदाणीबद्दल सांगायला हवं. ती आईची होती. आईने ती मोठ्या मुलीला तिच्या लग्नात दिली. आठ वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा मला वाटलं, अर्धे मणी माझे. आई म्हणाली, एकदाणी तोडत नसतात. बहीण गप्प राहिली, आणि तिचं ते गप्प राहणंच मला जास्त लागलं. सासरी निघताना दारात मी तिला म्हणाले, "तुह्या गळ्यात माह्या वाट्याचं सोनं हाय, ध्यानात ठेवजो." त्यानंतर तीन वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. मग तिच्या किडन्या गेल्या. अकोल्याच्या दवाखान्यात शेवटचे आठ दिवस मी तिच्याजवळ होते. तिची वेणी घातली, तोंड पुसलं, मुलीच्या शाळेबद्दल बोलले. एकदाणीचा विषय मी काढला नाही. काढू, घरी गेल्यावर काढू, असं वाटायचं. ती घरी आलीच नाही.

म्हणून मला ती एकदाणी भाचीच्या गळ्यात झळझळीत दिसायला हवी होती. भाचीने नाही म्हटलेलं माझ्या चांगलं लक्षात होतं. तरी मी मनाशी म्हटलं, दोन मिनिटांनी काय होतं? मळ लवकर सुटावा म्हणून पाणी चांगलं कढत घेतलं. एकदाणी टोपलीत ठेवली आणि बटन दाबलं.

पहिलं मिनिट काही झालं नाही. मग पाण्यात तांबूस रेषा दिसली. ती हळदीची नव्हती. मी घाईने बटन बंद केलं, पिन काढली आणि टोपली उचलली. जुना दोरा फुगून तुटला होता. मणी सुटे होऊन टोपलीत गडगडले. तीन मण्यांच्या तोंडातून लाख भुगा होऊन बाहेर येत होती आणि त्यातले दोन तर एकमेकांवर आपटून चेपले होते.

पहिला विचार आला तो लपवायचा. मणी फडक्यात गुंडाळून मी पदराखाली घेतले आणि मागे वळले, तर दारात आई.

"काय केलं?"

शाळेत मी पोरांना खरं बोलायला शिकवते. फडकं उघडून मी तिच्यासमोर धरलं. "माह्याच्यानं झालं, माय. पोरीनं नाही म्हटलं व्हतं. मी आयकलं नाही."

ती चिडेल, असं मला वाटलं. ती खाली बसली आणि एकेक मणी बोटाने चाचपू लागली. चाचपतच म्हणाली, "तुह्यापेक्षा मोठी चूक माही हाय."

"म्हंजे?" मी विचारलं.

"अकोल्याले, तू औषध आनाले खाली गेलती, तवा तिनं मले सांगतलं व्हतं. म्हने, माय, एकदानी बहिनीले देजो. तिचा राग घेऊन मले जाचं नाही." आईने हातातला मणी खाली ठेवला. "मी हो म्हटलं. आन् देल्ली नाही. वाटलं, पोरगी बिनामायची झाली, तिच्याजवळ मायचं काही तं राहू दे. मंग तुले सांगाची हिंमतच नाही झाली."

मी भिंतीला टेकून बसले. पंधरा वर्षं मी समजत होते, माझे शब्द मनात ठेवूनच बहीण गेली. तिने ते केव्हाच मनातून काढले होते आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला आईचा राग आला, खोटं कशाला सांगू. "येक शबूद बोलली असती माय," मी म्हणाले. "येकच." ती मान खाली घालून मणी पुसत राहिली. मग मी रडले. बहीण गेली तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते.

भाची परत आली तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं, मणी कसे बिघडले तेही आणि तिची आई काय म्हणाली तेही. तिने आधी मणी मोजले, एकही हरवला नव्हता. मग ती म्हणाली, "आईनं तुमाले देल्ली, तं तुमची हाय मावशी. तुमीच घाला लग्नात."

"नाही," मी म्हटलं. "मी रागानं मागितली होती. आता राग कोनावर करू? तुह्या आजीच्या मनात होतं तसंच होऊ दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातल्या चाचांकडे गेलो. ते दागिने ओवून, गाठवून देतात. त्यांचे वडीलही हेच काम करायचे. त्यांनी मणी तळहातावर घेतले आणि मी काही सांगायच्या आतच म्हणाले, "गरम पानी लागलं न याले?"

मी हो म्हटलं.

"मशीन बुरी नाही बेटी. ठोस चीज धुते ते. पन लाखेच्या मन्याले फक्त ओलं फडकं फिरवाचं आन् लगेच सुकं करून ठेवाचं."

काम दोन दिवसांचं होतं. मणी ठेवून जा, असं ते म्हणाले, पण आई दुकानाच्या पायरीवरून हलेना. शेवटी चाचांनीच तिच्यासाठी आतून पाट आणला. दोन्ही दिवस ती तिथे बसून राहिली. चाचांनी तीन मण्यांतली जुनी लाख काढून नवी भरली आणि सगळे मणी नव्या लाल रेशमात ओवले. चेपलेले दोन मणी त्यांनी मानेच्या मागच्या बाजूला घेतले. "हे असेच राह्यतीन. सरळ कराले गेलो तं फाटतीन," ते म्हणाले.

धनजला लग्न झालं. मांडवात जायच्या आधी भाचीच्या गळ्यात एकदाणी मी बांधली. गाठ मारताना ते दोन मणी माझ्या बोटांना लागले. ती मान खाली घालून उभी होती, आणि पाठमोरी ती हुबेहूब तिच्या आईसारखी दिसत होती. मी गाठ जरा सावकाशच मारली.

लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी आई माझ्याजवळ येऊन बसली. "माह्ये गोठ बी धुवून दे," ती म्हणाली. तिच्या मनगटातले चांदीचे जाड गोठ काही केल्या निघत नाहीत, बोटांची पेरं सुजली आहेत. मी परातीत कोमट पाणी घेतलं, तिचा हात त्यात ठेवला आणि मऊ ब्रशने गोठ घासू लागले. त्या दुपारपासून आम्ही त्या गोष्टीवर बोललो नव्हतो.

"तुह्या मनात हाय का वं अजून?" तिने विचारलं.

"हाय थोडं," मी म्हटलं. "कमी होऊन राह्यलं."

तिने मान हलवली, आणि दुसरा हात पाण्यात ठेवला.