डाव्या चाकाचे पाच नट

दुपारचे अडीच वाजलेत आणि मी पाच नटांपुढे हात टेकलेत.

उजवं चाक अर्ध्या तासात निघालं, त्याच्या जागी नवं बसलंही. डाव्याचा एक नट हलेल तर शपथ. पान्याला चार फुटी पाईप लावला, पाईपवर उभी राहिले. माझी नणंद कमल माझ्या खांद्याला धरून मागं चढली. दोघींचं मिळून एकशेतीस किलो वजन, आणि नट ढिम्म. पाच वाजता टायरवाला येणार आणि बोल्ट गॅसनं कापणार. कापले की नवे मिळेपर्यंत आठवडा गेला. माझ्याकडे फक्त उद्याची सकाळ आहे.

पुण्याहून मुलानं फोनवर ठणकावलंय, "आई, शुक्रवारपर्यंत ती खोली जागची हलली तर तुझी. नाहीतर रविवारी रिसॉर्टवाला येऊन घेऊन जाईल." तो माणूस तिची चहाची टपरी करणार आहे.

खोली म्हणजे आमच्या ह्यांनी बनवलेली, गाडीमागं जोडून ओढायची पत्र्याची खोली. दोन बाक, एक ओटा, एक खिडकी. कराडजवळच्या कारखान्यात हे फिटर होते. निवृत्त झाल्यावर जुन्या जीपचा अॅक्सल आणला आणि त्यावर सहा वर्षं खपले. "झाली की गुहागरला जाऊ, समुद्रासमोर लावू, तिथंच झोपू," म्हणायचे. झाली, आणि त्याच महिन्यात हे गेले. त्याला आता चौदा महिने झाले. उन्हात उभ्या उभ्या टायर चिरले, म्हणून मी जरा रुंद, दणकट चाकं आणली. ओढायला कमलची जीप आहे. अडलंय ते फक्त या पाच नटांपायी.

साबणानं कोपरापर्यंत हात धुते आणि खोलीतल्याच बाकावर आडवी होते. पंधरा मिनिटं पडायचं, बस्स. पत्रा तापलाय. बाहेर कमल फोनवर बोलतेय, तिचा आवाज लांब लांब जातो.

खोली डावीकडे कलते. हे आत चढले की ती अशीच कलायची.

"ही कुणाची चाकं आणलीस?"

समोरच्या बाकावर हे बसलेत. बनियन, खाकी पँट, कानावर पेन्सिल.

"आपल्या खोलीची."

"लई रुंद हायत. मडगार्डला घासतील."

"दोन बोटं जागा राहते. मोजलंय मी."

"तू मोजलंस?"

चौदा महिन्यांनी माणूस येतो आणि हे विचारतो. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"अहो, ते राहू द्या. डाव्या चाकाचे नट कसे काढायचे, तेवढं सांगा."

"जरा चहा टाक."

मी उठते. ओट्यावरचं भांडं आपोआप सरकतं. खिडकीतून कुंभार्ली घाट दिसतोय, वळणामागं वळण. खोली चाललीय. पुढं बघते तर जीपच नाही.

"अहो, ओढतंय कोण?"

"टायर बरे हायत," हे खिडकीतून वाकून बघत म्हणतात. "आवाज करत न्हाईत."

अडतीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून माझ्या खरेदीला बरं म्हटलेलं पहिल्यांदा ऐकतेय. पण मला आत्ता ते नकोय. मला नट हवेत.

"सांगा ना! पाच वाजता तो कापायला येतोय. मग तुमच्या खोलीत लोक भजी खातील. चालेल तुम्हाला?"

"तू हो बाजूला. मी बघतो."

झालं. या वाक्यावर माझं डोकंच फिरतं. फ्यूज गेला, तू हो बाजूला. नळ गळतोय, तू हो बाजूला. ही खोली बनत होती तेव्हा सहा वर्षं मी चहाचा कप घेऊन बाजूलाच उभी होते.

"बाजूला होऊन होऊन मला काही येईनासं झालंय, कळतंय का तुम्हाला? तुम्ही बघतो म्हणालात आणि गेलात निघून! आता कोण बघणार?"

मी ओरडतेय आणि माझ्या हातात झारा आहे. समोर मोठी शेगडी आहे. कॉलेज रोडवरची माझी खानावळ ही, आता तिथं मोबाईलचं दुकान झालंय. पन्नास पानं वाढायची आहेत, आमटीला उकळी यायच्या आत गॅस संपलाय. हे खाली उकिडवे बसलेत, पंचविशी ओलांडलेले, भरपूर केसांचे, नुकतं लग्न झालेले. खानावळीच्या मोठ्या सिलिंडरचा पितळी नट पान्यात धरून जोर लावतायत. मानेच्या शिरा फुगल्यात.

"गंजलाय," हे म्हणतात. "कापाय लागंल."

मला हसू येतं आणि रागही येतो. बाहेर लोक ताटं वाजवतायत.

"कारखान्यात काय शिकवतात तुम्हाला? व्हा बाजूला!"

हे मी म्हणालेय. मीच. हे चक्क बाजूला होतात. मी पाना हातात घेते, दुसऱ्या अंगानं एक हिसका देते आणि नट सुटतो.

"आँ? उलटं कसं गं?"

"गॅसचे आटे उलटे असतात. तुम्ही सोडवत नव्हता, आवळत होता. ही बघा, कोपऱ्यावर खाच आहे ना? खाच असली की उलटं फिरवायचं. माझ्या मामानं शिकवलंय."

हे माझं बोट धरून त्या खाचेवरून फिरवतात, जणू मलाच शिकवतायत. बोट धरलेलं तसंच राहतं, पण हे आता झोपलेत. पांढरी चादर, दवाखान्याचा लांब पॅसेज. स्ट्रेचर ढकलतंय कुणीतरी आणि त्याचं एक चाक कुईकुई करतंय. मी शेजारून पळतेय.

"चाकाला तेल न्हाई बघ," हे डोकं उचलून खाली बघायला लागतात.

"अहो, मरू दे ते चाक! माझ्याकडे बघा. माझ्याशी काहीतरी बोला!"

त्या दिवशीही मी एवढंच म्हणत होते. त्या दिवशीही हे चाकाबद्दलच बोलले होते.

"बोललोय की," हे म्हणतात. "तू घाण फुसलीच न्हाईस."

पुढं दार आहे, तिथून मला आत सोडत नाहीत. माझं बोट सुटतं.

"वैनी, उठा. साडेतीन वाजले."

दारात कमल उभी आहे. माझा राग अजून तसाच आहे. मेलेला माणूस भेटतो आणि घाण पूस म्हणतो! मी चेहऱ्यावरून हात फिरवते आणि थांबते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर काळी रेघ आहे. ग्रीसची, बारीक, सरळ. कोपरापर्यंत हात धुतले होते मी, पाणी कमलनंच घातलं होतं.

खाली उतरते. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून डाव्या चाकाचा वरचा नट पुसते. चिखल निघतो, ग्रीस निघतं. प्रत्येक कोपऱ्यावर कानशीनं घासलेली खाच आहे. दुसरा पुसते, त्यावरही. पाचही नटांवर. उजव्या नव्या चाकावर परत बसवलेले जुने नट पुसून बघते. त्यांना एकही खाच नाही.

"काय झालं ओ?" कमल विचारते.

काय सांगू तिला? यांना खाचेची गरज नव्हती. जुन्या जीपच्या डाव्या चाकाला उलटे आटे असतात हे यांना पाठ असणार, अंधारातही काढले असते यांनी नट. पाच नट, एकेकाला सहा कोपरे. तीस खाचा घासत बसला हा माणूस, आणि त्या खुणेची भाषा या घरात आता फक्त मला येते, खानावळीत मीच शिकवली होती यांना.

"तोंडानं सांगायला काय झालं होतं हो?" मी मोठ्यानं म्हणते आणि मला रडू फुटतं. चांगलं भोकाड पसरून रडते. कमल पुढं येते, पान्याला हात घालते, "वैनी, तुम्ही बसा, मी बघते."

"तू हो बाजूला," मी म्हणते.

पाईप सकाळपासून चाकाच्या डाव्या अंगाला होता. तो मी उजव्या अंगाला घेते, त्यावर एक पाय ठेवते. एकच. नट कट्‌ करून सुटतो.

"टायरवाल्याला फोन कर," मी डोळे पुसत कमलला सांगते. "येऊ नको म्हणावं." आणि दुसऱ्या नटाला पाना लावते.